एका गिटारीचे सहा बिघाड: खानापूर भागातलं पावसाळी प्रकरण

गिटार इलेक्ट्रो-अकूस्टिक, ड्रेडनॉट आकाराची. स्केल, म्हणजे मोकळ्या तारेची लांबी, ६४८ मिमी, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) २०, नेक आणि बॉडीचा सांधा चौदाव्या फ्रेटला. वरची फळी अखंड स्प्रूसची, सॅडलखाली (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) पिएझो पिकअप, म्हणजे दाबातून विजेचा सिग्नल काढणारी पट्टी, कडेला तो सिग्नल वाढवणारा, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प. जागा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या बाजूचं एक गाव. मंडळाचा सराव देवळाच्या सभामंडपात चालतो. श्रावण सरत आलेला, गणपतीला अकरा दिवस उरलेले.

वाजवणाऱ्या पोराची तक्रार एका वाक्यात अशी होती: "नुसती गुरगुरायलीय गा, मधेच आवाज जातोय, आणि जाड तार स्पीकरात येतच नाही." खोदून विचारल्यावर आणखी तीन गोष्टी निघाल्या. खालच्या फ्रेटवर पाचवी-सहावी तार (सहावी सगळ्यात जाड) झणझणते, वरच्या फ्रेटवर सूर पेटीशी जुळत नाही, आणि जोरात वाजवलं की आवाज फाटतो. मंडळातल्या सगळ्यांचं निदान एकच होतं: पिकअप गेलं, बेळगावहून नवीन आणून बसवायचं.

पिकअप शाबूत होतं. गिटारीत आणि गिटारीबाहेर मिळून सहा निरनिराळे दोष होते आणि त्यातले निम्मे लोकांनीच, आधीचा दोष दुरुस्त करायला जाऊन, तयार केले होते.

आधी केबल काढा

पहिलं काम म्हणजे तक्रारींची वाटणी. गिटारीची केबल काढायची, पंखा बंद करायचा, देवळामागच्या खोलीत बसून गिटार नुसती वाजवायची. जे ऐकू येतं ते लाकूड आणि तारांचं. जे नाहीसं होतं ते विजेचं. याला पाच मिनिटं लागतात, पण ही पाच मिनिटं न दिल्यामुळेच चांगली पिकअपं कचऱ्यात जातात.

केबल काढल्यावर झणझण तशीच राहिली, बेसूरपणाही राहिला. गुरगुर, खरखर आणि फाटका आवाज गेले. सहावी तार नुसत्या कानाला भरदार ऐकू आली, म्हणजे तारेत दोष नव्हता. तिचा आवाज पिकअपपर्यंत पोचत नव्हता.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. इलेक्ट्रिक गिटारीत तारांना हात लावल्यावर गुरगुर कमी होते, कारण ब्रिजपासून अर्थची वायर आत जोडलेली असते. तीच परीक्षा या गिटारीवर केली गेली, फरक पडला नाही, आणि "आतली अर्थची वायर तुटली" असं ठरलं. सॅडलखाली पिएझो असलेल्या बहुतेक अकूस्टिक गिटारींत तारा अर्थला जोडलेल्याच नसतात. तारा, हाडाचं किंवा प्लॅस्टिकचं सॅडल, लाकडी ब्रिज, यात विजेला वाटच नाही. अशा गिटारीवर हात लावून बघायचा तो जॅकच्या धातूला. इथं जॅकला बोट लावताच गुरगुर बदलली, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर बोटाला बारीक झिणझिण्या आल्या. ही खूण बिघाडाहून मोठी आहे. ती दिसली की सराव थांबवून आधी बोर्ड तपासायचा.

बॅटरी, केबल, जॅक

फाटक्या आवाजाचं कारण बॅटरी. मल्टीमीटरवर ६.८ व्होल्ट आले. नवीन अल्कलाइन बॅटरी ९.३ ते ९.६ दाखवते, ७.५ च्या खाली गेली की बहुतेक प्रीॲम्प मोठ्या फटक्याला आवाज कापायला लागतात. मोजायचं ते केबल जॅकमध्ये घालून, म्हणजे प्रीॲम्प चालू असताना. नाहीतर मरत आलेली बॅटरीही बरी दिसते. असल्या गिटारीत वेगळं बटण नसतं. मागच्या टोकाचा जॅक स्टिरिओ असतो, त्यात मोनो पिन शिरली की बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. त्यामुळे सराव संपल्यावर केबल तशीच राहिली तर बॅटरी रात्रभर जळत राहते. स्टिरिओ पिनची केबल घातली तर काही गिटारी चालूच होत नाहीत.

केबल सहा मीटरची, एका टोकाला हाताने जोडलेली. पिनचं झाकण फिरवून काढलं तर आतली जाळी, म्हणजे शील्ड, दोन-तीन केसांएवढ्या तारांवर लटकत होती. मोजायची रीत सोपी आहे. पिनेचं टोक ते टोक आणि बाही (पिनेचा मागचा नळीसारखा भाग) ते बाही एक ओहमच्या आत यायला हवं, टोक आणि बाही यांच्यात काहीच यायला नको. मोजताना केबल पिनेजवळ हलवत राहायची, कारण तुटकी केबल स्थिर पडलेली असताना बरोबरच दाखवते. तुटलेला एक इंच कापून टाकला, जाळी पिळून तिला आधी कथील लावलं, मग पिनेच्या बाहीला डाग दिला. यासाठी २५ ते ४० वॅटचं सॉल्डरिंग आयर्न आणि रोझिन असलेली ६०/४० सॉल्डर वायर पुरते. पत्र्याच्या कामाचं आम्ल फ्लक्स इथं वापरू नका, ते वर्षभरात सांधा खातं. खरखर तिथंच संपली.

जॅक ढिला होता आणि पिनेबरोबर गरगर फिरत होता. बाहेरून नुसता नट आवळला की आतला जॅकही फिरतो आणि त्याच्या वायरींना पीळ बसून त्या तुटतात. पट्टा अडकवायची टोपी काढली की जॅकच्या नळीला आरपार छोटं भोक दिसतं. त्यात बारीक एलन की (षटकोनी चावी) किंवा खिळा घालून नळी धरायची आणि मग पान्यानं नट आवळायचा.

पिन न कापताच कापलेली अर्थ

केबल दुरुस्त करून खरखर गेली, गुरगुर अर्धीच कमी झाली. मंडळाची जोडणी अशी होती: गिटार छोट्या ॲम्पमध्ये, ॲम्पच्या लाइन आऊटमधून केबल मिक्सरला. ॲम्पची तीन पिनी सभामंडपाच्या खांबावरच्या जुन्या बोर्डात, मिक्सर गाभाऱ्याच्या बाजूच्या नव्या बोर्डात. दोन्हींत पंधरा मीटर अंतर.

गिटारीची केबल ॲम्पमधून काढून थेट मिक्सरला लावली आणि ॲम्प बाजूला ठेवला. गुरगुर जवळजवळ गेली. गिटार बॅटरीवर चालते, तिचा घरच्या विजेशी संबंध नाही. त्यामुळे दोष ॲम्प, त्याचा बोर्ड आणि मिक्सर या तिघांतच असणार हे नक्की झालं.

मग बोर्डांवर मल्टीमीटर, एसी ७५० व्होल्टच्या पट्ट्यावर. नव्या बोर्डावर फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. हे आकडे चांगले. जुन्या बोर्डावर फेज-न्यूट्रल २३१, पण फेज-अर्थ कधी ६०, कधी ९०, मीटर स्थिरच होईना. असा तरंगणारा आकडा म्हणजे तिसऱ्या भोकाला काहीच जोडलेलं नाही. वायरमननं मेन बंद करून बोर्ड उघडला तेव्हा जाड पिनेच्या मागे वायरच नव्हती. जुन्या देवळांत, शाळांत, समाजमंदिरांत हे सर्रास आढळतं. बाहेरून तीन भोकं दिसतात म्हणून सगळे निर्धास्त असतात.

अर्थ नसलेल्या ॲम्पच्या सांगाड्यावर आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडी गळती येत राहते. जायला दुसरी वाट नसली की ती लाइन आऊटच्या केबलच्या जाळीतून मिक्सरच्या अर्थकडे जाते आणि वाटेत ५० हर्ट्‌झची गुरगुर सोडून जाते. वाजवणाऱ्याच्या बोटाला आलेल्या झिणझिण्याही त्याच गळतीच्या. कोरड्या जागी त्या नुसत्या टोचतात. पण मांडवात, ओल्या मातीवर, एका हातात गिटार आणि ओठाशी माईक असताना ॲम्पमध्ये खरोखर फेज सांगाड्याला लागली, तर तो प्रवाह माणसातून जातो.

यावर मंडळात एक उपाय सुचवला गेला होता, आणि तो आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक साउंडवाला कधी ना कधी करतो: ॲम्पची जाड, म्हणजे अर्थची, पिन कापायची. त्यानं गुरगुर कधी कधी खरंच थांबते, म्हणूनच तो टिकून आहे. आम्ही तो कुठल्याही परिस्थितीत सांगणार नाही. आवाजासाठी कोणाचा जीव टांगणीला लावायचा नाही.

वायरमननं नव्या बोर्डापासून हिरवी वायर ओढून जुन्या बोर्डाला अर्थ दिली आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवला. झिणझिण्या गेल्या, बरीच गुरगुरही गेली. तरी मंद आवाज उरला. तो आता वेगळ्या कारणाचा: ॲम्पला एक अर्थ, मिक्सरला दुसरी, मधे केबलची जाळी, असं तिहेरी वर्तुळ तयार झालं होतं. वर्तुळ तोडायचे दोन मार्ग. एक म्हणजे ॲम्प आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यायचे. दुसरा म्हणजे मधे ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (सिग्नलच्या केबलमधे बसणारी डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. ते बटण फक्त सिग्नलच्या केबलची जाळी तोडते, ॲम्पची अर्थ जागेवर राहते; म्हणून ते चालतं आणि पिन कापलेली चालत नाही. इथं पहिल्या मार्गानंच भागलं. मांडवात मिक्सर लांब राहणार म्हणून डीआय बॉक्सही आणून ठेवला.

वीज गेल्यावर देवळाचा इन्व्हर्टर चालू होतो आणि गुरगुरीच्या जागी तिखट चर्र आवाज येतो, तो निराळा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा प्रवाह टोकदार असतो, त्याचे पडसाद वरच्या स्वरांतही ऐकू येतात. गिटारीत काही करून तो जात नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा, नाहीतर त्या वेळात गिटार बंद.

आषाढात फिरवलेली एलन की

आता लाकडाची बाजू. या भागात काम करणाऱ्यानं ही नीट समजून घ्यायला हवी. बेळगाव जिल्ह्याच्या एका टोकाला अथणी-रायबागची कोरडी हवा आणि दुसऱ्या टोकाला कणकुंबी-जांबोटीचा घाटमाथा, जिथं आषाढात भिंतीलाही पाणी सुटतं. एकच गिटार दोन ठिकाणी दोन गिटारींसारखी वागते.

लाकूड ओल घेतं तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं. गिटारीची वरची फळी कडांना चिकटलेली असल्यामुळे तिला पसरायला जागा नसते, ती ब्रिजपाशी वर येते. ब्रिज वर आला की तारा फ्रेटपासून लांब जातात. ही गिटार जांभ्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली असायची. आषाढात तारा इतक्या उंच झाल्या की बोटं दुखायला लागली. कोणीतरी साउंडहोलमधून एलन की घालून ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, जवळपास पाऊण फेरा आवळला. तारा थोड्या खाली आल्या खऱ्या, पण त्याच दिवसापासून झणझण सुरू झाली.

ट्रस रॉड नेकचा बाक ठरवतो. तारांची उंची सॅडल, नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) आणि फळी ठरवतात. फळी फुगल्यामुळे वाढलेली उंची नेक ताणून कमी करायला गेलं की नेक मागे वाकते, आणि मधल्या फ्रेटचा उंचवटा तारेला भिडतो. झणझण कुठं येते यावरून हे ओळखता येतं. पहिल्या ते पाचव्या फ्रेटवर आवाज आणि वर सरकल्यावर साफ, तर बहुधा नेक सरळ किंवा मागे गेलेली. एकाच फ्रेटवर आवाज, तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच. फक्त मोकळ्या तारेवर आवाज, तर नटाची खाच खोल गेलेली.

मोजायला फीलर गेज लागते. ती मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला असतेच, आणि गावातलं कोणी बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपला असेल तर घरीच मिळेल. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावायचा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यातली फट बघायची. ०.२० ते ०.२५ मिमी हवी. इथं शून्य. तार फ्रेटवर टेकलेलीच होती, म्हणजे नेक सरळ तरी किंवा मागे वाकलेली; किती वाकली हे या रीतीनं कळत नाही. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची ३.२ मिमी होती, अकूस्टिकला साधारण २.४ हवी. नेक ताणलेली असूनही उंची एवढी राहते, याचा अर्थ फुगवटा बॉडीत आहे.

काम या क्रमानं झालं आणि क्रम महत्त्वाचा आहे. गंजलेल्या १२-५३ जाडीच्या तारा काढून ११-५२ चा नवा सेट चढवला, कारण तारांचा ताण बदलला की बाकही बदलतो. सूर पूर्ण लावून मग रॉडला हात घातला. साउंडहोलमधून नटाकडे तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं रॉड सैल होतो. एका वेळी अष्टमांश फेरा, मग पुन्हा सूर लावायचा, अर्धा तास थांबायचं, मोजायचं. की बरोबर मापाचीच हवी. या गिटारीला ५ मिमीची लागली. ती ४ मिमीच्या कीनं जबरदस्तीनं फिरवलेली होती आणि षटकोनाचे कोपरे झिजायला आले होते. तीन वेळा मिळून तीन अष्टमांश फेरे सैल केल्यावर फट ०.१५, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप ०.२० झाली. लाकूड सावकाश वळतं, म्हणून रात्र जाऊ द्यायची. झणझण चौथ्या तारेवरची एक जागा सोडून गेली.

उंची मात्र ३.३ झाली. आता ओल काढायची होती. गिटार भिंतीवरून काढून कडक केसमध्ये ठेवली. कापडाच्या चार पिशव्यांत मिळून २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर आत ठेवला. पहिल्या दिवशी आर्द्रता ७८ टक्के होती. गिटारीला ४५ ते ५५ मानवते. जेल नारिंगी घ्यावं. ते ओल घेऊन हिरवं पडतं, मग मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवून पुन्हा वापरायचं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात नेऊ नये. उन्हात ठेवणं, चुलीजवळ ठेवणं, हेअर ड्रायर मारणं हे तिन्ही प्रकार टाळा. ब्रिजचा सरस सुटतो आणि फळीला रेषेत चीर पडते; ती चीर परत बुजत नाही. नऊ दिवसांनी केसमधली आर्द्रता ५६ टक्क्यांवर आली आणि उंची २.८ मिमी झाली.

मंडळाला वाटत होतं की सॅडल घासून २.४ करून टाकावं. गणित सोपं आहे: बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडल घासायचं, म्हणजे इथं ०.८ मिमी. ते केलं नाही, आणि यावर आमचं मत ठाम आहे. घाटमाथ्यावर श्रावणात सॅडल घासू नये. फाल्गुनात फळी खाली बसते, तेव्हा तीच गिटार सगळीकडे झणझणते आणि घासलेलं हाड परत वाढत नाही. रॉड सैल करता येतो, तार बदलता येते. घासलेलं सॅडल मात्र नवंच घ्यावं लागतं. २.८ ची उंची उत्सवापुरती चालण्यासारखी आहे.

सॅडलखालचा कागद

तारा काढलेल्याच होत्या तेव्हा सॅडलही उपसलं. खाली पहिल्या तारेच्या बाजूला वहीचा कागद चार घड्या घालून ठेवलेला सापडला. बारीक तारेचा आवाज वाढावा म्हणून कधीतरी ठेवला असणार. पिएझोची पट्टी दाबावर चालते. एक बाजू कागदानं उचलली की दुसऱ्या बाजूला सॅडल पट्टीवर नीट टेकत नाही, म्हणून सहावी तार स्पीकरमध्ये मुकी.

कागद काढला, खाच कोरड्या मऊ ब्रशनं साफ केली. सॅडलचा तळ काचेवर उभा ठेवून मागून मोबाईलचा उजेड टाकला. फट दिसली नाही. दिसली असती तर काचेवर चिकटवलेल्या बारीक सँडपेपरवर, सॅडल सरळ धरून, फक्त तळ सपाट करायचा. सॅडल बोटांनी आत-बाहेर करता यावं, पण खाचेत झुकू नये. तारा पुन्हा ताणल्यावर पट्टी बसायला एक दिवस लागतो, मग सहाही तारांचा आवाज सारखा आला.

पेटीचा सूर

उरलेला बेसूरपणा दोन कारणांचा. बाराव्या फ्रेटवर सहावी तार दाबली की ती हार्मोनिक स्वरापेक्षा (तिथंच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) १४ सेंट वर जात होती; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. उंच तार दाबताना जास्त ताणली जाते, आणि गंजलेली तार सगळीकडे सारख्या जाडीची राहत नाही. नवा सेट आणि कमी झालेली उंची यांनी ते ४ सेंटवर आलं. जागा न बदलणाऱ्या सॅडलच्या अकूस्टिकला एवढं चालतं. तिसरी तार खुंटी फिरवताना नटापाशी टिक आवाज करून उडी मारत होती. तिच्या खाचेत शिसपेन्सिलीचं टोक दोन-चारदा फिरवलं.

दुसरं कारण गिटारीत नव्हतं. ट्यूनर ४४० हर्ट्‌झवर आणि देवळाची जुनी पेटी थोडी वर. पेटीच्या पट्ट्या कार्यक्रमाआधी बदलता येत नाहीत, गिटार बदलता येते. पेटीवर पांढरी सहा दाबून ट्यूनरसमोर धरली, तर ४४३ जवळ आली. ट्यूनरचं कॅलिब्रेशन ४४३ करून गिटार लावली. काळी एकच्या भजनांना पहिल्या फ्रेटवर कॅपो लागतो. तो फ्रेटला चिकटून आणि गरजेपुरताच घट्ट लावायचा, आणि लावल्यावर सूर पुन्हा तपासायचा, कारण कॅपोचा दाब सगळ्या तारा थोड्या वर नेतो.

चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला बारीक झणझण अजून आहे. छोटी सरळ पट्टी तीन फ्रेटांवर ठेवली की ती सहाव्यावर डुगडुगते, म्हणजे सहावा फ्रेट थोडा उंच आहे किंवा खाचेतून उचलला गेला आहे. ओलीनं उचलला असेल तर कोरड्या हवेत तो बसेलही. म्हणून त्याला कानस लावलेली नाही. संक्रांतीनंतर केसमधली आर्द्रता ५० च्या आसपास स्थिरावली की आधी बाक मोजायचा, मग तारेची उंची, आणि त्यानंतर हा फ्रेट आणि सॅडल यांचा निर्णय घ्यायचा. तोवर हायग्रोमीटर केसमध्येच राहील.